पुरणाची वही कुलपात होती तेव्हा

माझी सून घरी बसून काम करते. बसून म्हणजे खरंच बसून. सकाळी नऊ वाजता समता कॉलनीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत जाते, कानाला ते यंत्र लावते आणि काचेकडे बघत राहते. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर मला वाटलं, पोरीला काहीतरी दुःख आहे. बायकोला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "तिले बसण्याचा पगार भेटते. तुम्ही फुकट बसता."

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. आता असं टोचून बोलणारं घरात कोणी उरलं नाही, असं मी समजत होतो. सून हळूहळू शिकून राहिली आहे.

मुलगा कोरब्याला नोकरीवर असतो, पंधरा दिवसांनी येतो. मुलगी नागपूरला दिलेली. तेव्हा घरात आम्ही दोघंच, मी आणि सून. चार वाजता ती चहा करते आणि आम्ही ओट्यापाशी उभ्यानंच पितो. मी बोलायला चांगला माणूस नाही. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं बीरगांवच्या फॅक्टरीत शिकलो, आणि तिथं मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागायचं. अजून आवाज खाली येत नाही. पण चहाला काहीतरी बोलावं लागतंच. एक दिवस विचारलं, "तू करते तरी काय नेमकं?"

"कर्नलमध्ये काम करते, बाबा."

"म्हणजे?"

तिनं कप खाली ठेवला. "तुमच्या फॅक्टरीत ज्याला पाहिजे त्यानं जाऊन क्रेन चालवली, असं होतं का?"

"तंगड्या तोडल्या असत्या. फोरमनले विचारावं लागे."

"हव. तर संगणकातला फोरमन म्हणजे कर्नल. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्यापुढे हात पसरून उभे. कोणाला जागा पाहिजे, कोणाला वेळ पाहिजे. सगळ्यांना तोच वाटून देतो."

"मग शिव्याही देत असंल."

"देतो ना. आणि जास्त चिडला की सगळंच बंद पाडून बसतो."

तेव्हा मला समजलं, की ही पोरगी फोरमन घडवायचं काम करते. इज्जत वाढली तिची माझ्या नजरेत. तिला सांगितलं नाही.

महालक्ष्म्या आठ-दहा दिवसांवर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. चहाला आली ती तोंड पाडूनच. म्हणाली, एक तक्ता आहे. इंटरनेटच्या डब्याच्या आत असतो. कोणतं पार्सल कोणत्या दारानं बाहेर पाठवायचं, ते त्याच्यात लिहिलेलं. हजार जण एकाच वेळी तो बघायला येतात आणि मधूनच एखादा येऊन त्यातलं काही बदलतो. आता त्या तक्त्याला कुलूप आहे. जो बघायला आला त्यानं कुलूप लावायचं, बघायचं, काढायचं. तोवर बाकीचे दारात.

"बसतात का तिथं?"

"बसत नाहीत. उभ्या उभ्या विचारत राहतात, झालं का, झालं का, झालं का. डोकं खातात. तर साहेब म्हणतात, कुलूप ठेवायचं की काढायचं? ज्याला बघायचं त्यानं आपली नक्कल घेऊन बाजूला जावं आणि निवांत वाचावं, असं करायचं का? सुट्टीच्या आधी सांगायचं आहे मला."

"यात सांगायचं काय? कुलूप."

"का पण?"

मग मी तिला आमची पद्धत सांगितली. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी वीज बंद. आणि त्या खटक्याला ज्यानं त्यानं आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात. चार फिटर आत उतरले तर चार कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही, तोवर मालकाच्या बापालाही वीज चालू करता येत नाही. माझी दहाही बोटं त्या कुलपानं राखली. मी हात पुढं करून दाखवली सुद्धा.

तिनं बोटं पाहिली. बऱ्या मनानं पाहिली. मग मीच मूर्ख, पुढचं सांगून बसलो. एकदा काम संपवून मी कुलूप न काढताच निघालो. घरी आलो, जेवलो, झोपलो. तिकडे सगळी लाइन उभी. मालक आला, मॅनेजर आला, सगळे माझ्या कुलपाभोवती. शेवटी एक जण सायकल हाणत घरापर्यंत आला, आणि बायकोनं झोपेतच माझ्या खिशातून चावी काढून त्याला दिली. उठल्यावर मला समजलं.

सून इतकी हसली की चहा सांडला. "बाबा, कुलूप धरून झोपलात तुम्ही! आमच्याकडे याच्याहून मोठा गुन्हा नाही. काही नियम मोडले तर चालतात, हा नाही."

"एकदाच झालं नं."

"एकदाच?" आणि माझ्या कमरेकडे बघून आत गेली.

कमरेला करदोडा आहे आणि करदोड्याला लोखंडी कपाटाची चावी. हे तिच्या बघण्याचं कारण. त्या कपाटात बायकोची वही आहे.

वही म्हणजे काही पोथी नाही. शाळेची दोनशे पानी, पुठ्ठा निघालेला, वर बांगड्यांच्या खोक्याचा कागद चिकटवलेला. महालक्ष्म्यांचं सगळं त्यात, शिवाय लोणच्यापासून चहापर्यंत घरची मापं. आमच्याकडे विदर्भातून आलेल्या घरांत हा सण म्हणजे वर्षाची परीक्षा. दोघी बहिणी माहेरी येतात, त्यांना उभं करायचं, नेसवायचं, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव बघायची नाही. बोट लावून जिभेला नाही, काही नाही. देवींच्या आधी तोंडात गेलं की उष्टं. म्हणून माप. मीठ किती, गूळ किती, सगळं वहीतल्या मापावर आणि हिमतीवर. बायकोचं माप म्हणजे पितळेचा एक पेला. चाळीस वर्षं तिनं न चाखता रांधलं आणि आम्ही बोटं चाटली.

ती गेली त्या वर्षी महालक्ष्म्या बसवल्या नाहीत. आता पहिल्यांदाच बसायच्या होत्या, तिच्याविना, आणि सुनेच्या हातानं. चुकलं तर कळायचं थेट पंगतीत.

तिनं सरळ मागितली. "बाबा, वही द्या ना."

"मी वाचून दाखवीन."

"फोटो काढते. पाच मिनिटं."

"नाही म्हटलं नं. पानं सुटून राहिली. तुमचे तेलकट हात."

"तेलकट हातांनीच लिहिली आहे ती आईंनी."

मी ओरडलो. ओरडल्यावर ती मागच्या खोलीत निघून गेली आणि मला आणखी राग आला, स्वतःचाच.

खरं कारण पानांचं नव्हतं. बायको होती तोवर घरातलं सगळं तिला विचारून व्हायचं. मी कोपऱ्यात पेपर वाचणारा माणूस. ती गेल्यावर पहिल्यांदाच असं झालं, की कोणी माझ्या दारात येऊन विचारतं, बाबा, लोणच्याला मोहरी किती? मी उठतो, चष्मा शोधतो, चावी काढतो, कपाट उघडतो आणि तिचं अक्षर वाचून सांगतो. नक्कल झाली की कोण येणार होतं विचारायला? हे तेव्हा कबूल केलं नसतं. आज लिहून टाकतो.

सून गोल बाजारातून गूळ, हळदीकुंकू, दोघींना नवीन बांगड्या घेऊन आली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिनं साहेबांना कळवलं, की वाचणाऱ्यांना कुलूप नको, ज्यानं त्यानं आपली नक्कल घ्यावी. मला मुद्दाम येऊन सांगितलं. "तुमच्या मताच्या उलट कळवलं आहे, बाबा."

"पस्तावशील," मी म्हटलं.

सणाच्या पहिल्या दिवशी दुपारी मुलगी नागपूरहून आली; मुलाला कोरब्याहून सुट्टी मिळाली नाही. आल्या आल्या दोघी नणंद-भावजयांनी महालक्ष्म्या घरात आणल्या, उंबऱ्यापासून पावलं काढून, हळदीकुंकवाचे हात उमटवून. कशाच्या पावलांनी आली विचारायचं, सोन्याच्या पावलांनी आली म्हणायचं. बायकोचा आवाज नव्हता त्यात. मी गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघितली. टाकी भरलेलीच होती.

संध्याकाळी मुलीनं पुरणाची डाळ भिजत घातली. मला विचारलं नाही. मी कपाटाजवळच बसलो होतो, चष्मा लावून, तयार. पण ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र माझ्या दारात रांग. सून यायची, आंबिलीला ताक किती? मी पान शोधेपर्यंत मुलगी यायची, पडवळ कढीत की भाजीत? मी म्हणायचो, थांब, आधी तिचं. मग पहिलीचं सापडायचं तर ती गॅसवर काय ठेवलं ते बघायला पळालेली. पुन्हा बोलवायची. दोघींचे हात पिठाचे, कपाळावरचे केस मनगटानं मागं सारत उभ्या. मी एकेक शब्द लावून वाचणारा माणूस. बायकोचं अक्षर म्हणजे मोहरी तडतडल्यावर उडते तसं.

"बाबा, बाजूला व्हा, मी बघते," मुलगी म्हणाली.

"हात धू आधी."

"दहा वेळा धुतले! चामडी निघून राहिली."

सून हळूच म्हणाली, "दीदी, आपले बाबा म्हणजे अख्ख्या घराला मिळून एकच कुलूप आहे. आमच्याकडे असं जुन्या कोडमध्ये असायचं. मोठ्या मेहनतीनं काढलं लोकांनी."

"काढून दाखव बरं," मुलगी म्हणाली. "आईला चाळीस वर्षांत नाही जमलं."

"मी ऐकून राहिलो," मी आतून ओरडलो.

"म्हणून तर आम्ही बोलून राहिलो," मुलगी तिकडून.

डाळ शिजली तेव्हा सून विचारायला आली. "पुरणात गूळ किती?"

पान काढलं. "चार पेले."

ती गेली. मी वही मिटली, कपाट लावलं, चावी कमरेला.

अर्ध्या तासानं काही काम नव्हतं म्हणून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सून पुरणयंत्र फिरवत होती. खाली परातीत पुरण पडत होतं. मी बघितलं आणि पुढं वाकलो. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलं नसेल, पण त्या दिवशी पुरणाची परात उचलून देण्याचं काम माझंच असायचं. तो रंग मला माहीत आहे. हे पुरण फिकं होतं. आणि परातीत डोंगर झाला होता.

"हे पांढरं काहून?"

दोघी थांबल्या.

"पांढरं नाही, बाबा, पिवळं आहे," सून म्हणाली, पण तिचा आवाज खाली गेला.

"मी रंगारी नाही, पण आंधळाही नाही. गूळ किती टाकला?"

"चार. तुम्हीच सांगितलं."

"आणि डाळ?"

सून मुलीकडे बघायला लागली. मुलगी म्हणाली, "आठ पेले. माझ्या कागदावर आठ आहे." आणि पर्समधून एक घडी पडलेला कागद काढून आणला. तिच्या लग्नात आईनं स्वतःच्या हातानं तिला वहीतून उतरवून दिलेला. डाळ आठ, गूळ आठ.

मी कपाट उघडून वहीच घेऊन आलो. पहिल्यांदा ती वही त्या दिवशी कपाटाच्या दारापासून लांब गेली. पान उघडून ओट्यावर ठेवलं. तिघंही वाकलो. आठ खोडून चार केलेलं होतं, दोन्हीकडे, डाळीलाही आणि गुळालाही. मुलगी सासरी गेली, मुलगा शिकायला बाहेर पडला, पंगत निम्मी झाली, तेव्हा बायकोनं कधीतरी खोडलं असणार. मुलीच्या कागदाला ते काय माहीत? तिनं डाळ जुनी घेतली, सुनेनं गूळ नवा घेतला.

कोणीच चाखलं नव्हतं. चाखता येतच नव्हतं. असंच पानात गेलं असतं.

सून खालीच बसली. मला वाटलं रडते. तर ती हसत होती, गुळाचा हात कपाळाला लावून. "अरे देवा. मैंने यही किया है, बाबा. सेम टू सेम."

"काय केलं?"

"साहेबांना जे लिहून दिलं ते! मी म्हटलं, वाचणाऱ्यानं तक्त्यातून आपली नक्कल उतरवून घ्यावी, कुलूप नको. पण तो उतरवत असतानाच दुसऱ्यानं मधेच बदललं तर? गावाचं नाव जुनं येईल आणि दाराचा नंबर नवा. अर्धं-अर्धं. पार्सल कुठल्या कुठे. आणि कोणाला कळणारही नाही, कारण दिसायला ते तक्त्यासारखंच दिसतं."

"मी म्हटलं नव्हतं? कुलूप."

"तुमच्या कुलपामुळे तर दीदी तुम्हाला विचारायला आली नाही!"

मुलगी खाली बघून कढी ढवळायला लागली. "तुम्ही एक पान काढायला अर्धा तास घेता, बाबा. माझ्याकडे कागद होता. म्हटलं, काहून त्रास द्यावा."

हे लागलं. पण पुरण वाट बघत होतं. मी म्हटलं, "भाषणं नंतर. गॅस पेटव. आणखी चार पेले घाल आणि हलव. करपलं तर दोघींना परत माहेरी पाठवीन."

"मी माहेरीच आहे," मुलगी म्हणाली.

पुरण पुन्हा चढवलं. पितळी पातेल्यात एवढं पुरण हलवायला हातात जोर लागतो. त्या दोघी थकल्या, मग मी हलवलं. गूळ सुटला, पातळ झालं, पुन्हा आटलं आणि रंग आला. तो रंग आला तेव्हा मी मान फिरवली, वाफ डोळ्यांत जात होती.

नैवेद्य उशिरा झाला, पण झाला. पंगतीत शेजारचेही बसले. पुरण अर्ध्या पाऱ्याला, म्हणजे अर्ध्या मोहल्ल्याला, पुरेल इतकं होतं, मग काय करणार? पहिला घास घेतला आणि बघतो तर दोघी माझ्या तोंडाकडे.

"बरं आहे," मी म्हटलं.

सुनेचं तोंड उतरलं. "नुसतं बरं?"

"अगं, आईला चाळीस वर्षं एवढंच म्हणाले," मुलगी म्हणाली. "हेच बक्षीस आहे. ठेवून घे."

जेवणं झाल्यावर सुनेनं सुट्टी असून साहेबांना निरोप धाडला. तिच्या कोपराला तेव्हाही पुरण लागलेलं होतं. मी विचारलं, आता काय कळवलं? म्हणाली, कुलूप राहील, पण फक्त बदलणाऱ्याला. एका वेळी एकानंच बदलायचं. आणि तेही चालू तक्त्यावर खाडाखोड करून नाही. बाजूला पूर्ण नवा तक्ता तयार करायचा, सगळा तपासायचा आणि मग एका झटक्यात जुन्याच्या जागी नवा ठेवायचा. वाचणाऱ्यांना कुलूप नाही, थांबणं नाही. ज्याला जुना सापडला त्याला अख्खा जुना, ज्याला नवा सापडला त्याला अख्खा नवा. अर्धं-अर्धं कोणालाच नाही.

मला पटलं. फॅक्टरीत नवीन पट्टा चढवायचो तेव्हा जुन्याला ठिगळ लावत नव्हतो. पण लगेच हो म्हणालो नाही. "बघू," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची बोळवण झाली. दहीभात दिला, अक्षता टाकल्या. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. मुलीची गाडी संध्याकाळची होती. दुपारी मीच करदोड्याची चावी सोडली, वही काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "उतरवा. पूर्ण. मधे कोणी उठायचं नाही."

सुनेनं नवीन वही आणली. दोन वह्या आणल्या खरं तर, एक नणंदेला. सून लिहीत होती, मुलगी दुसरीत लिहीत होती आणि मी वाचून दाखवत होतो. कारण खोडलेल्या ओळींचं अक्षर त्या दोघींना लागत नव्हतं, मलाच लागत होतं. त्यात एका पानावर आंबिलीखाली बारीक अक्षरात होतं, "यांना दुसऱ्यांदा वाढू नये, मागतील तरी. रात्रभर त्रास." मी ते वाचलं नाही. मुलीनं वाकून वाचलं.

"हे पण उतरवायचं, वहिनी. शब्दन् शब्द."

"हव, दीदी. हे आधी उतरवते."

झालं तेव्हा उन्हं कलली होती. मी मुलीला म्हटलं, "आता तुझ्याजवळ नवीन आहे. तो जुना कागद देऊन टाक मले. चुकीचा आहे तो."

तिनं पर्स छातीशी धरली. "चुकीचा राहू द्या. आईच्या हातचा आहे. तुम्हाला दिला की गेला कपाटात." आणि खरंच दिला नाही. मी स्टेशनवर पण एकदा मागून पाहिला.

परत आल्यावर सून टेबल आवरत होती. नवीन वही तिनं स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीजवळ, उघड्यावर ठेवली. कोणीही घ्यावी अशी. जुनी माझ्या हातात दिली.

मी विचारलं, "तुमच्याकडे जुन्या तक्त्याचं काय करतात? नवा आल्यावर?"

"टाकतात. पण लगेच नाही. नवा यायच्या आधी ज्यानं जुना वाचायला घेतला, त्याचं वाचून व्हावं लागतं. शेवटचा वाचणारा उठेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. फोरमनला सुद्धा परवानगी नाही."

"आणि तो शेवटचा उठलाच नाही तर?"

"तर जागा अडून राहते." तिनं फडकं झटकलं. "राहू द्या की. कपाटात जागा खूप आहे."

मग तिनं चहा ठेवला आणि मिठाच्या बरणीपलीकडून वही काढून, मला काही न विचारता, बायकोनं लिहिलेली माझ्या चहाची साखर किती ते बघितलं.